जाकिटाची पाठ

पेर्मला कामा नदी गोठली की
रिम्मा शिवणाचं मशीन खिडकीशी ओढायची.
पोरीचं जाकीट निळं, वाढत्या अंगाचं घेतलेलं,
पाठभर चार अक्षरं :
दिसायची सी सी सी पी, वाचायची एस एस एस आर.
ताइसिया सोळा वर्षांची.
त्या अक्षरांचा तिला कळलेला अर्थ एवढाच
की पडलीस तर पाठीवर पडू नकोस.

त्याआधीची सगळी वर्षं, सकाळी सहाला,
बर्फावर आठाचा आकडा.
अर्धा एका पायावर, उरलेला दुसऱ्या,
आणि पुन्हा तोच, त्याच चरीतून.
मग परीक्षक गुडघ्यांवर बसत,
लोकरी टोप्या, वाकलेल्या माना,
जणू कुणाचं तरी कुडं पडलंय.
बोटभर चूक.
गुण कापले.

एका हिवाळ्यात स्पर्धा ठरलेली होती,
विमान ठरलेलं होतं, जोडीदार ग्लेब ठरलेला होता,
देश तेवढा राहिला नव्हता.
झेंडा पांढरा, पाच कड्यांचा.
जिंकलेल्या जोडीसाठी जे गीत वाजलं
ते जिंकलेल्यांनाही पाठ नव्हतं.
सगळ्यांनी ओठ मिटून छताकडे पाहिलं.

घरी आल्यावर रिम्माने अक्षरं उसवली,
दाढीच्या पात्याने, एकेक टाका.
कापड कोरं झालं, भोकं राहिली.
दिव्यासमोर धरलं की
उजेडाच्या ठिपक्यांत जुना देश वाचता यायचा.

ग्लेबने टॅक्सी चालवायला घेतली.
लिथुएनियात कुणा आर्विदासला जोडीदारीण हवी होती.
सोडचिठ्ठी मिळायला चौदा महिने.
(फेडरेशनमध्ये तिला दुसरं काही म्हणतात,
पण सही करणाऱ्या माणसाचा चेहरा
काडीमोड देणाऱ्याचाच होता.)
चौदा महिने नुसता सराव
एलेक्त्रेनायला, वीजकेंद्राच्या धुराड्यांखाली.
नवं राष्ट्रगीत ती भांडी घासताना पाठ करायची,
दुसऱ्या कडव्याला नेहमी कढई यायची.
सातवा क्रमांक. तिथल्या पेपरात : आपली ताइसिया.
पेर्मच्या पेपरात त्या दिवशी बटाट्यांचे भाव.

मग आर्विदासचा गुडघा.
मग ऑस्ट्रिया, लाल-पांढरं जाकीट, वोल्फराम.
पुन्हा सोडचिठ्ठी, पुन्हा एक वर्ष कोरडं.
तो उचलताना जर्मनमध्ये मोजायचा,
ती लिथुएनियनमध्ये श्वास धरायची,
आणि पडली की ओरडायची ते रशियन.
निवेदकाने तिचं आडनाव तीन स्पर्धांत तीन तऱ्हांनी उच्चारलं.
तिने दुरुस्त केलं नाही.

मुलाखतीत कुणी विचारलंच :
तुम्ही नक्की कुणाच्या?
दुभाषी अडखळली.
ताइसिया बुटाची नाडी सोडवत होती.
म्हणाली, डावा पाय पेर्मचा.
उजवा अजून शिकतोय.

आता क्लागेनफुर्ट. पन्नाशी उलटलेली.
शाळकरी पोरांना ती थांबायला शिकवते आधी,
मग चालायला.
आठ कुणी शिकत नाही, त्याला आता गुण नाहीत.
रिंक रिकामा झाला की ती तरी एक काढते
आणि स्वतःच वाकून बघते.
मी लिहितोय त्या लिपीतला आठ
वरून निघतो, वळतो, उघडाच राहतो.
सुरुवातीला परतत नाही,
तरी त्याला कुणी सात म्हणत नाही.
हे तिला सांगायला हवं होतं.
कोणत्या भाषेत, ते ठरेना.

मार्चमध्ये रिम्मा गेली.
मावसभावाने पार्सल धाडलं : कात्री, मशीनची तेलाची कुपी,
आणि ते निळं जाकीट.
अंगाला बसलं. बाह्या तेवढ्या मनगटाच्या वर.
घालून ती बर्फावर आली, दिवे समोर.
मागून येणाऱ्या छोट्या किलियानने विचारलं,
तुमच्या पाठीवर काय लिहिलंय?

ती वळली नाही.
पडलास, म्हणाली,
तर पाठीवर पडू नकोस.